बापूराव सरांची बोटं

"चूक आहे," बापूराव सर म्हणाले. "पुन्हा मांड."

बुधरीने पाटीतले सगळे खिळे उपसले आणि गणित पहिल्यापासून मांडायला घेतलं. धानाच्या बांधीचं, शेताच्या काटकोनी त्रिकोणी तुकड्याचं, क्षेत्रफळ काढायचं होतं. पाटीला आठ कोनांची भोकं होती. त्यात शिशाचा खिळा ज्या दिशेला वळवून बसवावा, तसा अंक बदलतो. अंध मुलं अशाच पाटीवर गणित करतात. जन्मांध बापूरावही असेच शिकले होते आणि आता चंद्रपूरजवळच्या या वसतिशाळेत शिकवता शिकवता म्हातारे झाले होते.

"झालं सर."

त्यांनी उत्तरावरून बोट फिरवलं. "तेच केलंस पुन्हा. इथी चार कसा येईल?"

"चार नाई सर, तीन आहे."

शेजारच्या दिनेशने हात लांबवून पाटी चाचपली. "तीनच आहे जी सर."

बापूरावांनी पुन्हा बोट टेकवलं. खिळा आहे, एवढं कळत होतं. त्याची कड कुठल्या कोनाकडे वळली आहे, ते कळत नव्हतं. जाड घोंगडीवरून चाचपावं तसं लागत होतं.

साखरेने नसा गेल्या, असं डॉक्टर उन्हाळ्यातच म्हणाले होते. बोटांतलं गेलेलं परत येईलच असं नाही, हेही. बापूरावांनी ते फक्त बायकोला सांगितलं होतं. तेव्हापासून ते मुलांना उत्तरं मोठ्याने वाचायला लावत. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून त्रिकोण, वर्तुळं करायचं काम शाळेतल्या डोळस मदतनीस चंदाबाईंकडे गेलं होतं. "कोपरा बरोबर आला का?" ते विचारत. "आला जी," ती म्हणे. तिच्यावर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

मधल्या सुट्टीत ते मुख्याध्यापिका दीपिका मॅडमकडे गेले.

"मॅडम, मले आता पाटी तपासता नाई येत."

त्यांनी सगळं सांगितलं.

"दहावीची परीक्षा तोंडावर आहे, सर. नवा माणूस आता कुठून आणू?"

"शिकवतो मीच. तपासाले कोणी तरी द्या."

"आधी सांगायचं ना."

"आधी सांगतलं असतं, तं आधीच बसवलं असतं मले घरी."

"बघते," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर वर्गात बुधरी तेवढी मागे थांबली होती.

"सर, माझं बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं. माझी बोटं गेली, बुधरे."

सूरजागडच्या डोंगरपायथ्याच्या आदिवासी गावातून बुधरी आली तेव्हा तिला मराठीचा शब्द कळत नव्हता. बापूरावांनी तिच्या तळहातावर चिंचोके ठेवत तिला मोजायला शिकवलं होतं. भाषा मागाहून आली.

"सर, हात देता का?"

तिने त्यांच्या बोटावर नखाने रेघ ओढली. "समजते?"

"नाई."

तळहातावर ओढली. "इथी?"

"नाई."

मनगटावर थोडं कळलं. तिने त्यांच्या बाहीचं बटण काढलं, बाही वर सारली आणि कोपराखाली एक रेघ ओढली. मग दुसरी, मग तिसरी.

"काटकोन त्रिकोण," बापूराव म्हणाले.

"आता उत्तर सांगतो," ती म्हणाली. तिने नखाने ब्रेलचे ठिपके मोठेमोठे करून टोचले. एक अंक झाला की तळव्याने पुसल्यासारखं करायची, मग पुढचा.

"एकशे... तीस."

"बरोबर आहे का सर?"

"बरोबर आहे."

प्रार्थनेची घंटा झाली. बापूरावांनी बाही खाली केली. बटण सापडलं, पण काज सापडेना. त्यांनी दोनदा खटपट करून सोडून दिली. बुधरीने त्यांचा हात जवळ ओढला, बटण लावलं आणि बाकावर पसरलेले खिळे गोळा करायला लागली.