ओडेसाने मोकळी सोडलेली जागा

"इथं बारा सेकंद कुणीच काही बोलत नाही?" रेनिटाने संहितेवर बोट आपटलं. "लिहायचं राहून गेलंय, मिस्टर गेन्स."

"ओडेसाचं काही राहायचं नाही," लेम्युएल म्हणाला. "तिथं लोक बोलतात."

"कुठले लोक?"

"बघायला आलेले."

रेनिटा हसली. शिकागोच्या मोठ्या थिएटरात ओडेसाचं नाटक बसवायचं तिनेच मनावर घेतलं होतं. ओडेसा हयात असताना या थिएटरने तिला दारातही उभं केलं नव्हतं. शहराच्या दक्षिण भागातल्या, काळ्या वस्तीतल्या चर्चच्या तळघरात नाटक उभं करणारी ती पहिली बाई. दिवसा लाँड्रीत इस्त्री करायची आणि संध्याकाळी लिहायची. पडदा ओढायला नवरा, हा लेम्युएल.

"इथले लोक गप्प बसून बघतात," रेनिटा म्हणाली. "नटी वाक्य विसरली असंच वाटेल त्यांना. रविवारी दुपारचा एक प्रयोग तसाच करू. कुणी बोललं नाही, तर सोमवारपासून ती जागा कापणार."

चर्चमधल्या बायकांना सांगून ठेवावं, असं लेम्युएलच्या मनात आलं. पण शिकवून आणलेलं उत्तर ओडेसाला चालत नसे. त्याने तो विचार सोडून दिला.

रविवारी चर्चमधली वर्नीस मोठी जांभळी हॅट घालून त्याच्या शेजारी बसली. एरवी ती पाद्रीबाबांनाही वाक्य पुरं करू देत नसे. आज मात्र ओठ घट्ट मिटलेले.

"बरं नाही का गं?"

"माझ्या पोरीनं बजावलंय," ती कुजबुजली. "इथं बोलायचं नाही म्हणे. पेपरमिंट धरलीय तोंडात."

लेम्युएलने हातातल्या जाहिरातीच्या कागदाची घडी घातली.

ती जागा आली. रंगमंचावरच्या धोबिणीने गाठोडं खाली ठेवलं आणि समोर बघून विचारलं, "सांगा, परत जाऊ का मी त्याच्याकडे?"

सगळं चिडीचूप. पाच सेकंद. सात. नऊ. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या रेनिटाने मान खाली घातली.

कडकन पेपरमिंट फुटली.

"अगं, जाऊ नको गं बाई! मागल्या वेळी गेलीस, काय मिळालं?"

थिएटर हसण्याने हललं. मागून एक टायवाला गृहस्थ ओरडला, "माणूस सुधारतो कधीकधी!"

"तुम्ही सुधारलात का? बायकोला विचारते!" वर्नीस उलटून म्हणाली.

"विचारा, विचारा!" त्याची बायकोच ओरडली.

बारा सेकंदांची दोन मिनिटं झाली. नटी एप्रनआड हसत थांबून राहिली. रेनिटाने पेन्सिल कानामागे खोचली आणि टाळ्या वाजवायला लागली.

प्रयोग संपल्यावर लेम्युएल लगबगीने दाराशी जाऊन उभा राहिला. कोण काय बोललं, ते ओडेसा त्याच दिवशी नावानिशी वहीत लिहायची. घरी आल्यावर तो जोडे काढता काढता सांगायचा आणि ती लिहायची.

टायवाला बाहेर पडत होता. लेम्युएलने त्याला थांबवलं. हातात जाहिरातीचा कागद होता, त्याची मागची बाजू कोरी होती.

"साहेब, आपलं नाव काय?" त्याने विचारलं. "जरा सावकाश सांगा. मला लिहायची सवय नाही."