काळं लाकूड फिरलं नाही

विश्राम चिताऱ्याने लेथचं बटण दाबलं, तेव्हा काळं लाकूड जागचं हललं नाही. त्याच्याभोवती कारखाना फिरू लागला.

लाकूड कुणा गिऱ्हाइकाने आफ्रिकेतून आणलेलं. हातभराचा तुकडा, पण उचलायला दोघं लागले, आणि पाण्याच्या बादलीत टाकला तर दगडासारखा तळाला गेला. सावंतवाडीत विश्रामचा जन्म पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची खेळणी कातण्यात गेला. असल्या लाकडाची सवय कुठली! पण गडी हट्टी. खोली फिरते तर फिरो, म्हणून त्याने लाकडावर पटाशी टेकवली.

ढलपी निघाली ती भिंतीच्या चुन्याची. मग कपाटाची. त्याने वर पाहिलं, तर खोलीचे चारही कोपरे गेलेले. फिरेल ते कातलं जाणार, लेथचा नियमच आहे तो.

दारात त्याची बायको शेवंती उभी होती, हातात लाखेची कांडी घेऊन. त्याने कातायचं, तिने लाख चढवायची, आणि शेवटी बाहुलीचे डोळे त्याने रंगवायचे, ही लग्नापासूनची वाटणी. दारासकट तीही फिरत होती.

"अवो, बंद करा ता," ती म्हणाली. "माजा कोपर गेला."

विश्रामचा हात बटणाकडे गेला. पण धार एकदा टेकवली की या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची, मध्येच उचलली तर कामावर वळ उठतो, हे बापाने कानफटात मारून शिकवलेलं. जित्याची खोड ती. वीतभर तर उरलंय, म्हणत त्याने धार पुढे नेली. शेवंतीची बोटं गेली, कांडी खाली पडली. कान गेले, नाक गेलं. काम मात्र नितळ उतरत होतं, आणि मेल्याला क्षणभर त्याचं बरंही वाटलं.

टोक आलं. त्याने पटाशी उचलली, बटण बंद केलं. कारखाना थांबला. काळ्या लाकडावर ओरखडासुद्धा नव्हता.

शेवंती चाचपडत आली. चेहरा गुळगुळीत, कुठे खाच नाही.

"अगे, ह्या काय झाला गो!" विश्राम ओरडला.

"माका काय दिसना नाय," ती म्हणाली. आवाज रोजचाच होता. "लाख मागाहून चढवू. आदी डोळे काढा."

त्याने कुंचला काळ्या रंगात बुडवला. जन्मभर बाहुल्यांचे डोळे काढलेले; झोपेतही काढले असते. कुंचला तिच्या चेहऱ्याजवळ नेला, तशी ती मान मागे घेऊन म्हणाली, "बावलेचे नको हां. माजो एक डोळो बारको होतो. तसोच काढा."

कुंचल्याच्या टोकाशी रंगाचा थेंब जमला. डावा की उजवा, विश्रामला आठवेना.