भात होईपर्यंतचं बेट

मी पोचू नावाड्याच्या डोंग्यावरचा गंज बोलतोय. आमच्या मुलखात पातेल्याला गंज म्हणतात. मी जर्मनचा, म्हणजे त्या हलक्या पांढऱ्या धातूचा. पितळेच्या भांड्यांनी माझ्याकडं बघून नेहमी नाकच मुरडलं. तळ काळाकुट्ट, एका बाजूला पोचा, काठ जरासा वाकडा. बोलायला कुणीच उरलं नाही की भांडंसुद्धा बोलायला लागतं, तसं माझं झालंय. तुम्ही ऐकताय ना? मग बसा जरा.

वडशाच्या बाजारात मी पहिल्यांदा डोळे उघडले असं समजा. दुकानदारानं मला बोटाच्या पेरानं टणटण वाजवून दाखवलं आणि रुखमाबाईनं मला उचललं. रुखमाबाई म्हणजे पोचूची बायको. चामोर्शीकडल्या नदीकाठच्या एका गावात त्यांचं घर होतं. तिथं फळीवर आम्ही सात-आठ भांडी दाटीवाटीनं राहायचो. एकमेकांना लागून वाजायचो, भांडायचो, पुन्हा एकाच राखेनं घासून निघायचो. दोन वर्षं बरी गेली.

मग रुखमाबाई तापानं गेली. पोरबाळ नव्हतं. पोचूनं घराला कुलूप घातलं आणि तो डोंग्यावरच राहायला गेला. जाताना सगळी भांडी सोडून एकटं मला घेतलं, कारण एका माणसाला एक गंज पुरतो. तेव्हापासून मी एकटा. डोंग्यावर वाजायचं तरी कुणाशी?

पोचूचा डोंगा म्हणजे दोन खोडं कोरून, शेजारी शेजारी बांधून, वर फळ्या ठोकलेल्या. तांदळाची पोती, मिठाची पोती आणि मधल्या जागेत माणसं. पाणी चांगलं असेपर्यंत तो खाली सिरोंच्याकडं जायचा. सोबत इसरू असायचा, पोचूच्याच वयाचा, सदा भुकेला. पहिल्या दिवशी दुपारी डोंगा एका बेटाला लागायचा. किती वेळ? तर भात होईपर्यंत. तीन दगड मांडायचे, जाळ करायचा, मला वर चढवायचं. ज्याला आंघोळ करायची त्यानं करावी, ज्याला फिरायचं त्यानं फिरावं. भात झाला, लोक जेवले, मला वाळूनं घासून डोंग्यावर पालथं घातलं, की डोंगा सुटला. मी पालथा पडल्याशिवाय पोचूनं कधी दोर सोडला नाही.

एकदा मनगटावर घड्याळ बांधलेला एक पटवारी बसला होता. सगळे त्याच्याकडं मोठ्या आदरानं बघत होते. आणि तो घडीघडी माझ्याकडं बघत होता, कारण त्याचं घड्याळ बंद होतं!

तर असा माझा थाट. मीच वेळ, मीच घंटा. पोचू नेहमी जुना तांदूळ शिजवायचा. जुना तांदूळ सावकाश शिजतो, पाणी भरपूर पितो आणि फुलतोही. तेवढ्यात माणूस अख्ख्या बेटाला एक फेरी घालून, अंग धुवून परत यायचा. खाली दोन कोसांवर खडकांचा पट्टा होता. तो उजेडात ओलांडावा लागे, म्हणून भातापेक्षा जास्त थांबणं नाही.

छप्पन सालची गोष्ट. पौष महिना होता. त्या दिवशी सकाळी डोंग्यात एक बाई चढली. कडेवर तीन वर्षांची मुलगी, हाताशी पाच वर्षांचा मुलगा, काखेत बोचकं. ती नेमकी माझ्या शेजारी येऊन बसली.

"पोचूभाऊ, बेटावर थांबसान ना?" तिनं विचारलं.

"थांबतो ना. भात होईपर्यंत. रोजचंच हाये."

"पोट्ट्यायले बेट दाखवाचं हाये मले."

पोचूनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "तू नीलाबाईची रंभा न वो?"

"हव."

"बुढी हाये बेटावर. डांगराची वाडी लावून राह्यली. कोणाशी बोलत नाई."

"माह्याशी बोलन का?"

पोचूनं बांबू पाण्यात रोवला आणि जोर लावला. 

ती कथा नदीवर सगळ्यांना माहीत होती. सहा वर्षांपूर्वी हिवाळ्यात वडशाला नाटकं लागली होती. रंभा बघायला गेली आणि नाटकातल्या पेटीवाल्याबरोबर निघून गेली. तो दुसऱ्या जातीचा. नीलाबाई म्हणाली, "माह्यासाठी तू मेली." तेव्हापासून म्हातारी पाणी उतरलं की बेटावर झोपडी बांधायची, वाळूत खड्डे करून डांगराचे वेल लावायची आणि पावसाळ्यापर्यंत एकटी राहायची. आता ती नाटक मंडळी मोडली होती. पेटीवाल्याला गोदावरीपलीकडं लाकडाच्या ठेकेदाराकडं काम लागलं होतं, तो पुढं गेला होता. रंभा मुलांना घेऊन त्याच्यामागं निघाली होती. एकदा तिकडं गेल्यावर परत येणं कुठलं! म्हातारीनं नातवंडं पाहिलेली नव्हती. या एका थांब्यात काय ते व्हायचं होतं.

पण रंभानं मुलांना तसं सांगितलं नाही. बेट पाहू, आजीलाही भेटू, एवढंच सांगितलं. आणि सकाळभर ती बेत करत बसली. लहान मुलं घेऊन फिरायचं म्हणजे साधं आहे का? कमळा चार पावलं चालणार आणि कडेवर बसणार. वारलू दिसेल त्या शिंपल्यापाशी फतकल मारणार. त्यांना आधीच थोडं खाऊ घालावं म्हणजे वाटेत रडणार नाहीत. पाणी सोबत असावं. दुपारच्या उन्हात उघडी वाळू भरभर ओलांडावी. ती हे सगळं हळू आवाजात बोलत होती. एक हात सारखा माझ्या काठावर होता. किती वर्षांनी बाईमाणसाचा हात लागला मला!

"पयले पाखरं पाहू," ती मुलांना म्हणाली. "मंग काळा दगड. त्याच्यात पाण्यानं रांजणाएवढे खड्डे पाडले हायेत. मी लहान होती तं त्याच्यात मासोळ्या ठेवत होती. मंग आजीची वाडी."

"आजी पयले काऊन नाई?" वारलूनं विचारलं.

"आजी मंग," रंभा म्हणाली आणि नदीकडं बघू लागली.

माणसांची ही खोड मला ठाऊक आहे. ज्यासाठी यायचं, नेमकं तेच शेवटी ठेवायचं. भीती वाटते ना! तोवर मुलं हसतील, जीव थोडा थाऱ्यावर येईल, मग जाऊ आईसमोर, असा तिचा हिशेब. हिशेब चांगला होता हो. पण तो जुन्या तांदळाचा होता.

बेट दिसायला लागलं तशी ती आनंदली. बोचकं सोडून तिनं नव्या तांदळाचं गाठोडं काढलं. नवं धान आलं की लेकीनं माहेरी पसाभर का होईना तांदूळ न्यावा, ही त्यांच्या घरची रीत. सहा वर्षांचं राहून गेलेलं ती आज नेत होती. पसाभर तांदूळ तिनं पुरचुंडीत बांधून कमरेला खोचले आणि बाकीचे पोचूपुढं धरले.

"घ्या भाऊ. आज नवं शिजवा. सहा वर्सानं या पाण्यावर आली मी."

पोचूलाही भरून आलं. त्यानं नको म्हटलं नाही. रोज चूल पेटवणाऱ्या बाईला नवा तांदूळ लवकर शिजतो हे माहीत नसेल का? पण तिचं मन तिथं होतं कुठं! पोचूच्या ध्यानात आलं नाही, इसरूला तर जेवणाशी मतलब. माझ्या एकट्याच्या लक्षात आलं आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

डोंगा लागला. रंभा मुलांना घेऊन निघाली. चुलीवरून मला सगळं बेट दिसत होतं. पलीकडच्या टोकाला नीलाबाईची झोपडी आणि वाडीत वाकून रोपांना पाणी घालणारी म्हातारी. अलीकडं वाळूत ही तिघं. वारलू खरोखरच प्रत्येक शिंपल्यापाशी बसत होता. पाखरं उडाली तेव्हा कमळा घाबरून रडली, मग तिला समजावण्यात वेळ गेला. काळ्या दगडाशी पोचेपर्यंत माझ्यातलं पाणी खदखदू लागलं होतं. मी तळ गार ठेवायचा प्रयत्न केला. हसू नका, खरंच केला. पण जाळापुढं गंजाचं काय चालतं? झाकण थडथडलं, पेज उतू गेली, पोचूनं दोन शितं चेपून पाहिली.

"भात झाला वोऽऽ!"

रंभा दगडावर उभी राहिली. तिनं झोपडीकडं पाहिलं, मग डोंग्याकडं. मुलीला कडेवर घेऊन ती पळत आली.

"एवढ्यात कसा झाला?"

"नवं हाये बाई. तूच तं देली."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "थांबा ना भाऊ थोडं. अजून मायले भेटलीच नाई मी."

"थांबलो असतो," पोचू म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "पण समोर खडक हायेत. अंधार झाला तं या पोट्ट्यायचं काय करू? जेवतो न निंगतो."

पोचूचं चुकत नव्हतं. बाकीचे लोक पळसाची पानं घेऊन गोल बसलेही होते.  रंभानं कमळाला खाली ठेवलं, पदराचे दोन बोळे केले, माझा काठ धरला आणि भातासकट मला उचलून ती चालायला लागली.

"अवो बाई! आमचा भात!" इसरू ओरडला.

"जाऊ दे तिले," पोचू म्हणाला.

आठ माणसांचा भात होता माझ्यात आणि मी निखाऱ्यासारखा तापलेलो. तिचे हात भाजत होते. वाळूत पाय रुतत होते. मागून वारलू कमळाला ओढत आणत होता. वाडीत पोचल्यावर तिनं मला म्हातारीपुढं टेकवलं.

"माय, नवं आणलं."

नीलाबाईनं मान वर केली नाही. या खड्ड्यात पाणी घातलं, पुढच्या खड्ड्याकडं सरकली. रंभा उभीच. आईच्या पाठीकडं बघत उभी.

तेवढ्यात वारलू धापा टाकत आला आणि म्हातारीपाशी उकिडवा बसला. "हे तुई वाडी हाये?"

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं. "तुवं नाव काय रे?"

"वारलू."

वारलू हे नीलाबाईच्या नवऱ्याचं नाव. रंभा दहा वर्षांची असताना तो याच नदीत बुडून गेला होता. म्हातारीच्या हातातलं मडकं कलंडलं, पाणी वाळूत जिरलं, तिला कळलं नाही. ती खाली बसली. माझं झाकण काढलं आणि तसाच वाफाळता घास उचलून तोंडात घातला. मग एक घास फुंकून कमळाला दिला, एक वारलूला. पुन्हा स्वतःच्या तोंडात कोंबला, पुन्हा कोंबला.  रंभाकडं मात्र ती बघत नव्हती.

काठावरून पोचूनं एकदा हाक दिली, दोनदा दिली. तिसऱ्यांदा तो स्वतः अर्ध्या वाटेपर्यंत आला. त्यानं मला पाहिलं, म्हातारीला पाहिलं. "गंज राहू दे इथीच," म्हणाला आणि खाली मान घालून परत फिरला. त्या दिवशी माझ्याशिवाय पहिल्यांदाच डोंगा सुटला. सगळ्यांनी म्हणे फुटाणे खाऊन वर पाणी प्यायलं.

डोंगा सुटण्याआधी रंभा आईच्या पाया पडली. कमरेची तांदळाची पुरचुंडी तिनं माझ्याजवळ ठेवली. "जातो माय," म्हणाली आणि थांबली. म्हातारी चावत राहिली. रंभा आणखी थोडी थांबली, मग मुलांना घेऊन गेली. वारलू वळून वळून बघत होता, ती मात्र एकदाही वळली नाही.

तेव्हापासून मी नीलाबाईचा. आठ जणांचा भात शिजवणाऱ्या माझ्यात ती मूठभर शिजवायची. तीन हिवाळे पोचू येत राहिला. त्यानं मला परत मागितलं नाही, दुसरा गंज घेतला. रंभाची खबर एकदाच मिळाली, की ती मंडळी गोदावरीपलीकडून आणखी कुठं दूर गेली. मग पोचूचे डोळे गेले आणि काठाकाठानं सडक होऊन त्यावर लॉरी धावायला लागली. आता बेटाला डोंगा लागत नाही. माझ्या तळाला भोक पडलंय. नीलाबाई माझ्यात राख घालून डांगराच्या बिया ठेवते.

झोपडी दर पावसाळ्यात वाहून जाते आणि ती दर हिवाळ्यात नवी बांधते. पण जागा बदलते. पहिल्या वर्षी वीस पावलं डोंग्याच्या काठाकडं सरकली, दुसऱ्या वर्षी काळ्या दगडापाशी आली. यंदा तर डोंगा जिथं लागायचा त्या जागेलाच टेकून बांधली आहे. लेकीला चालावं लागू नये, म्हणते. कुणाला म्हणते? मलाच. दुसरं आहे कोण!

तुम्ही प्रवास करणारी माणसं. कुठं ना कुठं जाता. पेटी वाजवणारा नवरा, वारलू नावाचा मुलगा आणि तळहातांवर भाजल्याचे दोन डाग असलेली बाई कधी भेटली तर तिला एवढं सांगा. ती समजते की आई बोलली नाही. आईचं तोंड भरलेलं होतं गं. तिनं मुद्दाम घास कोंबले होते, कारण तोंड मोकळं राहिलं असतं तर हंबरडा फुटला असता आणि तुला जाऊ दिलं नसतं. डोंगा वळणाआड गेला तेव्हा कुठं तिच्या घशाखाली घास उतरला. मग ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि तुझ्या नावानं ओरडली, "रंभे, ये वो माह्या बाई, परत ये!" पाण्याला खळखळाट फार होता. ती हाक माझ्याशिवाय कुणालाच ऐकू गेली नाही.