रंजनीच्या मापाची खुर्ची

राममूर्तींइतका हट्टी म्हातारा अख्ख्या अड्यारमध्ये शोधून सापडला नसता. कंबर तीन वर्षं धरलेली, पण लेकीने नवी खुर्ची घेऊ या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अय्यो, मला कशाला? माझी लाकडाची बेश आहे!" आणि आज हाच माणूस भर उन्हात नुंगंबाक्कमच्या दुकानात जाऊन एकेक खुर्ची ढकलून, फिरवून बघत होता. का? तर रंजनीसाठी.

त्याचं असं झालं होतं. रंजनी आणि जावई देवेश एकाच कंपनीत. कंपनीने दोघांना विचारलं होतं, घरून काम करता की पुण्याच्या ऑफिसात येता? देवेश नाशिकचा, त्याला पुणं जवळ; दोघं राहायची राममूर्तींकडेच, आणि देवेशमुळे घरात मराठीच चालायची. रंजनीचं मात्र काही ठरत नव्हतं. "घरी बसून पाठीची पार वाट लागलीय, अप्पा," असं ती जेवणाच्या टेबलावरून उठताना म्हणायची. राममूर्तींनी तेवढंच धरून ठेवलं. पाठ बरी झाली की पोर इथेच राहील! बायको गेल्यापासून दोन शब्द बोलायला त्यांना हीच एक होती. ती गेली तर यांनी काय भिंतीशी बोलायचं?

दुकानातल्या शरण्याने तमिळमध्ये आधीच बजावलं, "सार, ज्यांना बसायचंय त्यांनाच घेऊन या. खुर्ची माणसाच्या मापाने लावावी लागते."

"मग मीच बसतो की! माझी लेक माझ्यावरच गेली आहे. उंचीसुद्धा तीच."

शरण्याला हसू आलं, पण पोरगी कामात चोख होती. पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत, गुडघ्यामागे दोन बोटं जागा सुटली पाहिजे, कमरेचा आधार नेमका कमरेलाच लागला पाहिजे. राममूर्तींनी घरच्या टेबलाची उंची टेपने मोजून आणली होती, तिने खुर्चीचे हात त्या मापाला बसवले. दोन खुर्च्या त्यांनी नापास केल्या, कारण बैठक अरुंद. रंजनी अर्धा दिवस मांडी घालून काम करते, हे त्या खुर्च्या बनवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार! तिसरी, जाळीच्या पाठीची, पसंत पडली.

चारच्या सुमाराला खुर्ची घरी आली. टेबलापाशी नीट बसतेय ना ते बघायला म्हणून राममूर्ती तिच्यात टेकले, आणि तेवढ्यात रंजनी बाहेरून आली. चपला पायातच ठेवून ती दारात उभी राहिली.

"घेतलीत? अप्पा, शेवटी घेतलीत तुम्ही!"

काही बोलायला तोंड उघडावं तर ती धावत येऊन त्यांच्या पायांशी बसली आणि गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली. "आठ दिवस सांगेन सांगेन म्हणतेय, माझं तोंडच उघडत नव्हतं. तुम्ही स्वतःकडे बघतच नाही, मग तुम्हाला सोडून जायचं कसं? आता जरा जीव थाऱ्यावर आला." तिने डोळे पुसले. "आम्ही पुण्याला जायचं ठरवलंय, अप्पा."

आम्ही. इतके महिने या घरात 'आपण बघू', 'आपण ठरवू' चाललं होतं. त्या 'आपण'मध्ये म्हातारा होता. 'आम्ही'मध्ये तो नव्हता. तमिळमध्ये सांगितलं असतं तरी सुटका नव्हती, तिथेही 'आपण' आणि 'आम्ही'ला दोन वेगळे शब्द आहेत.

अगं वेडे, तुझ्यासाठी आणली ही! एवढं एक वाक्य राममूर्तींनी बोलायचं होतं. ती थांबली असती. रडत, देवेशशी भांडत, पण नक्की थांबली असती. ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. इतका मोकळा झालेला तिचा चेहरा त्यांनी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता. बोलणार काय, कप्पाळ!

रंजनी खाली वाकून खुर्चीची उंची बघत होती. "छान लावलीय हो! अगदी तुमच्या मापाची. खरंच स्वतःसाठी घेतलीत ना?"

राममूर्तींनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मग आणखी कोणासाठी घेणार, कन्ना?"