चित्रावरचा हात

कांता सबनीस यांना राग यायचा तो नेहमी दुसऱ्याच्या बाजूने, आणि तो निस्तरायला मात्र त्यांनाच लागायचा. त्या वर्षी जे झालं ते अशाच एका रागातून झालं.

नायगावच्या बीडीडी चाळींलगतच्या एका म्युनिसिपल शाळेत त्या दुसरीचा वर्ग शिकवत. छप्पन साली जूनमध्ये शाळा उघडली आणि हेडमास्तर रघुवीर दळवी यांनी सगळ्या शिक्षकांना ऑफिसात बोलावलं. वरून फर्मान आलं होतं की मुलांची प्रगती वाढली पाहिजे, आणि ती किती वाढणार हे प्रत्येक शिक्षकाने आधीच सांगितलं पाहिजे. दळवींनी त्यासाठी भिंतीवर फळाच टांगला होता. वर्षाच्या शेवटी आपल्या वर्गातली किती मुलं पुस्तक अस्खलित वाचतील, ते ज्याने त्याने आपल्या इयत्तेसमोर लिहायचं. अस्खलित हा दळवींचा लाडका शब्द. तो उच्चारताना ते मान जरा वर करत.

पहिलीच्या मास्तरांनी 'निम्मी' असं लिहिलं आणि ते गुपचूप जागेवर जाऊन बसले. कांताबाई फळ्यापाशी आल्या तेव्हा दळवी चष्मा पुसत म्हणाले, "बेताने लिहा बाई. चाळीतली पोरं आहेत. घरी कुणाला अक्षरओळख नाही."

कांताबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी खडू उचलला आणि ठळक अक्षरांत लिहिलं : सर्व.

दळवी रागावले नाहीत, उलट खूशच झाले. "शाब्बास. आता हे पुसायचं नाही हं," ते म्हणाले. कांताबाईंना तेव्हा वाटलं, पुसायचंय कुणाला?

त्या काळी वाचन शिकवायची रीत एकच होती. एका मुलाने उभं राहून ओळ वाचायची आणि सगळ्या वर्गाने ती मागून म्हणायची. पुढे वाचायला कांताबाईंनी जाई गमरेला निवडलं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, भीती कशाची म्हणून नाही. जाई आदल्या वर्षी दुसरीतच नापास झाली होती, तेव्हा तिचा वर्ग दुसऱ्या मास्तरांकडे होता. ही एवढी चुणचुणीत पोर नापास कशी केली, म्हणून कांताबाईंना त्या मास्तरांचाही राग आला होता. जाई म्हणायची, "कुंभार पहाटे उठतो," आणि मागून सगळा वर्ग पहाटे उठायचा. दिवाळीपर्यंत दुसरीचं वाचन व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू यायला लागलं. जाणारे-येणारे थांबून ऐकत. कांताबाई अगदी हवेत होत्या.

फेब्रुवारीत इन्स्पेक्टर आले. त्यांनी मधलंच पान उघडून जाईसमोर धरलं. जाईने पानावर नजर टाकली आणि एका दमात धडा संपवला. इन्स्पेक्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि शेऱ्यात दुसरीची तोंड भरून स्तुती केली. त्याच संध्याकाळी दळवींनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी सगळ्याच इयत्तांसमोर 'सर्व' लिहायचं आणि सगळ्यांनी कांताबाईंच्या पद्धतीने शिकवायचं.

मग निवडणुका झाल्या, संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं निवडून आली, आणि चाळी काही दिवस नुसत्या दणाणत राहिल्या. मधल्या सुट्टीत मुलं मोर्चा-मोर्चा खेळत. मार्चमधल्या एका दुपारी कांताबाई बसथांब्याकडे निघाल्या होत्या, जाई त्यांची पिशवी धरून बरोबर चालत होती. कोपऱ्यावरच्या लांब भिंतीवर वर्षभर समितीची घोषणा रंगवलेली होती. आता कुणीतरी भिंतीला चुना फासून तिथे नवी, काळी अक्षरं काढली होती.

"वाच बघू काय लिहिलंय," कांताबाई सहज म्हणाल्या.

जाईने मूठ वर केली आणि ओरडली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

पानवाला खो-खो हसला. "शाब्बास पोरी! ह्यांनी कितीबी चुना फासला तरी आपन त्येच वाचनार!"

भिंतीवर लिहिलं होतं : येथे जाहिराती लावू नयेत.

कांताबाईंनाही आधी हसू आलं. मग त्यांनी जाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने थट्टा केली नव्हती. आपण बरोबर वाचलं, आता बाई शाब्बास म्हणतील, म्हणून ती वाट बघत होती. तिथेच पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी कुंभाराचं पान उघडलं आणि चित्रावर तळहात ठेवला.

"हं, वाच."

जाई हाताकडे बघत राहिली. "बाई, हात काढा ना," ती हळूच म्हणाली. "कुठला धडा ते कळत नाय."

मग एकेक उलगडलं. आदल्या वर्षभर ऐकून ऐकून तिला पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ होतं. चित्र दिसलं की धडा सुरू व्हायचा. आणि अशा मुलीच्या मागे कांताबाईंनी अख्खा वर्ग बोलायला लावला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेकाला जवळ बोलावलं, चित्र झाकलं आणि वाचायला सांगितलं. निम्म्या मुलांना पहिला शब्दही लावता आला नाही.

त्या तडक दळवींकडे गेल्या. दळवींनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, शेरा वर गेलाय. तुमची पद्धत म्हणून मी इतर शाळांनाही सांगून बसलोय. आता तुम्ही म्हणता वाचता येत नाही?"

"येतच नाही, तर काय म्हणू?"

"परीक्षा याच पुस्तकावर आहे ना? मग चित्रं काय फाडून टाकणार आहात?" ते खालच्या आवाजात म्हणाले, "फळ्यावरचा शब्द तुमचा आहे. मी तर बेताने लिहा म्हणालो होतो."

निदान जाईच्या घरी तरी खरं सांगावं, या वर्षी तिला दुसरीतच ठेवू म्हणावं, असं ठरवून त्या संध्याकाळी चाळीत गेल्या.

जाईचे वडील राजाराम गमरे गिरणीत सूत काढायच्या रिंग खात्यात होते. नुकतेच पाळीवरून आले होते, केसांत अजून कापूस होता. "जयभीम बाई, या, बसा!" म्हणत त्यांनी खोलीतली एकुलती एक खुर्ची पुढे केली. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीला ताजा हार होता. जाईची आई कौसल्या मांडीवरच्या तान्ह्याला थोपटत होती. शेजारणी दारात जमल्या. तेवढ्यात कुणाच्या तरी घरून फुलाफुलांची कपबशी आली. बाई आपल्याकडचा चहा घेतील की नाही, हे सगळ्याजणी श्वास रोखून बघत होत्या. कांताबाईंनी तो घाईने घेतला आणि जीभ भाजून घेतली.

"तुमी हायत म्हनून पोरगी मार्गाला लागली," राजाराम म्हणाले. "मला सही करायला अंगठा लागतो, बाई. आमच्या घरात अक्षर वाचणारी ही पयलीच."

"मी यांना बोलले होते," कौसल्या म्हणाली, "औंदा परत नापास झाली तर शाळा बास. ती ह्याला सांभाळील, मी कामाला जाईन. दोघांचा पगार आल्याबिगर भागत नाय. पण साहेबानं पाठ थोपटली म्हनल्यावर मी कशाला अडवू? शिकू दे."

सांगायचं ते ओठांपर्यंत आलेलं वाक्य कांताबाईंनी गिळलं. नापास करावी तर पोर घरी बसते आणि पास करावी तर आंधळीच पुढे जाते. दारात शेजारणी, मागे भिंत, समोर राजारामांचा तो चेहरा. त्यांना त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं. जाई कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत होती. बाई काय सांगायला आल्या आहेत, हे तिला पक्कं माहीत होतं.

"हुशार आहे," कांताबाई म्हणाल्या. "रोज शाळा सुटल्यावर थोडा वेळ थांबू दे तिला."

परीक्षेपर्यंत जाई थांबली. आणखी काही मुलंही थांबत, पण जाईसारखं कुणी पेटलं नव्हतं. बाईंची शिकवायची रीत आता एकच होती, आधी चित्रावर हात ठेवायचा. काही दिवसांनी जाईच आपला हात ठेवायला लागली. पाठ असलेलं वाक्य जिभेवर यायचं, ते ती ओठ चावून मागे ढकलायची आणि अक्षरावर बोट टेकवायची. एकदा वाण्याकडच्या पुडीचा कागद घेऊन ती धावत आली. त्यावरचं 'गूळ' तिने आपलं आपण वाचलं होतं. कांताबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तोंडी परीक्षा दळवींनी स्वतः घेतली. कांताबाई शेजारी बसून निकाल लिहीत होत्या. पोरं येत होती, चित्र बघून घडाघडा बोलत होती आणि पास होत होती. मग जाई आली. दळवींनी कुंभाराचं पान उघडलं. जाईने बाईंकडे बघून हसून घेतलं आणि चित्रावर हात ठेवला.

"कुं... भा... र," तिने सुरुवात केली. कपाळावर घाम आला होता. "प... हा... पहाटे... उ..."

दळवींच्या भुवया वर गेल्या. "हे काय? इन्स्पेक्टरांसमोर तर धबधबा होता! असं अडखळणाऱ्याला मी पास करू शकत नाही."

"ती वाचतेय," कांताबाई म्हणाल्या. "आज ती खरंच वाचतेय."

"मला अस्खलित पाहिजे. आणि तो हात कशाला मध्ये?" दळवींनी नापासच्या रकान्याकडे बोट नेलं. "हात काढायला सांगा तिला. नाही तर लिहा तिकडे."

कांताबाईंच्या डोळ्यांपुढे कौसल्याच्या मांडीवरचं पोर आलं. 'ठ... उठ...' असं काहीतरी जुळवत जाई अजून त्याच शब्दाशी झगडत होती. पुढच्या अक्षराकडे तिचं बोट सरकत होतं.

"जाई," कांताबाई म्हणाल्या, "हात काढ."

जाईला वाटलं, आपलं काही चुकलं. तिने मान वर केली आणि बाईंचा चेहरा बघितला. मग तिने हात काढला. पुस्तकही मिटलं.

"कुंभार पहाटे उठतो. तो ओली माती मळतो," ती म्हणाली, आणि सगळा धडा खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता, बाईंच्या डोळ्यांत बघत म्हणून टाकला.

"हां, हे वाचन!" दळवी म्हणाले. "लिहा, अस्खलित."

कांताबाईंनी लिहिलं.