सोमारीच्या डोक्यावरचा बोजा

"सर, मेलेलं माणूस बी चालते का हो याच्यात?"

विचारलं एकदाचं! शाळेच्या खिडकीबाहेर तिच्या मैत्रिणींनी, रंजीता आणि रुपालीनं, तोंडात ओढण्या कोंबल्या. सरांना हे विचारलं तर धानोऱ्याच्या बाजारात गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खाऊ घालायची पैज होती, आणि पैजेत माघार घेईल ती दिव्यानी कसली! नववीपर्यंत हजेरीलाही पुटपुटणाऱ्या या पोरीला दहावीत अशी काही वाचा फुटली होती, की मास्तरच दचकायचे.

सर हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

नागपूरच्या कॉलेजचे हे सर मागच्या उन्हाळ्यातही गावात आले होते. तेंदूपत्त्याचे बोजे वाहणाऱ्या बायांच्या अंगाला बोराएवढे चकचकीत गोळे चिकटवायचे, कॅमेऱ्यांपुढून चालवायचं, आणि मग तीच बाई कॉम्प्युटरमध्ये नुसत्या हाडांची होऊन चालायची. कोणत्या मणक्यावर किती भार, कोणता स्नायू किती ताणला, सगळं रंगांत दिसायचं.

सरांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. म्हणाले, ही तुमच्याच गावची, सोमारीबाई.

सोमारी दिव्यानीची आत्या. हिच्याच कडेवर ती वाढलेली. दिवाळीआधी आत्या तापानं गेली.

पडद्यावर हाडं चालत होती. चेहरा नाही, लुगडं नाही. पण डावा खांदा पाडून, उजवा हात वर बोजाला लावून, पाऊल टाकण्याआधी किंचित थबकत साऱ्या जंगलात एकच बाई चालायची. कमरेचे स्नायू लालभडक झालेले. टोकाला पोचली की ती पुन्हा पहिल्या जागी यायची आणि पुन्हा निघायची. बोजा तसाच.

गावात डोक्यावरचा बोजा कोणी एकटीनं उतरवत नाही. दारात बाई आली की हातातलं काम टाकून धावायचं, हात लावायचा, मगच ती टेकते. इथे कोण धावणार?

"सर, उतरवा ना तो."

सरांनी वजनाचा आकडा शून्य केला. लाल रंग विझला. हात मात्र वरच राहिला, कंबर तशीच दबलेली. सरांनी समजावलं की वजन काढता येतं, चाल नाही. बोजाशिवायची तिची चाल घ्यायची राहूनच गेली. तिच्या बांध्याचं कोणी मोकळं चाललं, तर ती चाल या हाडांना देता येईल. पण गोळे लावून घ्यायला आता गाव तयार नव्हतं.

का, ते दिव्यानीला ठाऊक होतं. गोळे लावले आणि सोमारी गेली, असं गाव म्हणायचं. सगळ्यात मोठ्यानं तिची आईच म्हणायची.

गुपचूप खायचे राहूनच गेले. जेवताना तिनं घरी सगळं सांगितलं. तिच्या बापानं, डोमानं, ताट बाजूला सारलं.

"तुह्या अंगाले ते गोळे नाई लागत," आई, वच्छला, म्हणाली. मग तिचा हात भातातच थांबला. "अजून बोजा हाये तिच्या डोक्यावर?"

"हाव."

"कोणीच नाई उतरवला?"

खुंटीवर आत्याची, बोजाखाली डोक्यावर घ्यायची चुंबळ टांगलेली होती. तिला कोणी हात लावला नव्हता. दिव्यानीनं ती काढली आणि आईच्या पुढ्यात ठेवली.

"आई, बाबा, उद्या मी गोळे लावून घेतो. तुमी नाई म्हणलं तरी घेतो. माहा बांधा आत्याचाच हाये. मी चालीन, दोन्ही हात खाली सोडून."