सत्तेचाळीसचे एक्केचाळीस

शिडीवरच्या माणसानं पटाशी घालून जोर लावला, तेव्हा कुठं शेवटचा स्क्रू सुटला आणि तो लाकडी सातचा आकडा खाली गवतात पडला. शेजारचा चार तसाच राहणार होता. सातच्या जागी एक यायचा, आणि खाली ‘डॅरेल बोहॅनन, १९९९’ होतं तिथं ‘लेलंड कोवाच, १९७९’. एका हंगामात सर्वाधिक होमरन, म्हणजे बेसबॉलमधले थेट कुंपणापार गेलेले फटके. भिंतीवरचा बदल एवढाच.

लेलंड कोवाच खेळाडूंच्या बाकावर बसून ते पाहत होता. वय बहात्तर, पण पाठ अजून ताठ. बायको मार्लिन मोत्यांची कर्णफुलं घालून शेजारी बसली होती.

“पंचवीस वर्षांनी घरी आला तुझा आकडा,” ती म्हणाली. “चेहरा तरी बरा कर.”

“ऊन येतंय डोळ्यांवर.”

“ऊन पाठीमागं आहे, लेलंड.”

त्यानं टोपी पुढं ओढली.

कीलर्सबर्ग हे ओहायोतलं छोटं गाव. त्याचा संघही छोटाच, वरच्या लीगकडे डोळे लावून बसलेल्या पोरांचा. तरी त्या भिंतीवरून गावात भांडणं झाली होती. लेलंडनं तरुणपणी इथं एका हंगामात एक्केचाळीस होमरन मारले. पुढं गुडघा गेला, वर जायचं राहिलं, आणि तो इथंच फलंदाजीचा प्रशिक्षक झाला. मग शेजारच्या परगण्यातल्या शेतावरून डॅरेल आला आणि त्यानं सत्तेचाळीस मारले. त्या उन्हाळ्यात स्टेडियमबाहेर गाड्या लावायला जागा मिळत नसे. डॅरेल मोठ्या लीगमध्ये गेला, आणि तिथं तीन वर्षांनी उत्तेजक औषधांच्या चौकशीत त्याचं नाव आलं. टीव्हीवर त्यानं रडत कबूल केलं: होय, घेत होतो. कीलर्सबर्गलाही घेत होतो.

त्यानंतर गावात त्याला ‘सुईवाला’ हे नाव पडलं. ते ठेवलं लेलंडनं. न्हाव्याच्या दुकानात, खुर्चीवर मान मागं टाकून तो म्हणाला होता, “माझे एक्केचाळीस मार्लिनच्या हातच्या बटाट्यांवर मारलेत. त्या सुईवाल्यानं मारले ते औषधाच्या दुकानानं मारले.” दुकान हसून लोटपोट झालं. मग ते वाक्य गावभर फिरलं आणि वर्षानुवर्षं लेलंडला ते पुन्हा म्हणायला लावलं जाई. तोही म्हणे.

गेल्या हिवाळ्यात, डॅरेलचं नाव भिंतीवर ठेवायचं की काढायचं हे ठरवायला, क्लबनं गावाची सभा बोलावली. शाळेतला बस ड्रायव्हर उठून म्हणाला, “चेंडू गेला की नाही कुंपणापलीकडं? मी माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन ओरडलो होतो. ते ओरडणं आता खोटं धरायचं का?” त्यावर कुणी म्हणालं, भिंतीवर लबाडी लिहून ठेवायची आणि खाली पोरांना खेळायला सांगायचं, हे कसं? वाद टोकाला गेला तेव्हा सगळे लेलंडकडे वळले. तो सावकाश उभा राहिला. “मला स्वतःसाठी काही नको,” तो म्हणाला. “पण पोरांना आपण काय शिकवतो, त्याचा विचार करा.” टाळ्या पडल्या. हात वर झाले. ठराव पास.

क्लबची तरुण व्यवस्थापक टेसा रिग्ज रीतीला धरून वागणारी. तिनं समारंभाचं आमंत्रण डॅरेललाही दिलं. तो येईल असं तिलाही वाटलं नव्हतं.

आणि तो आला.

सामना सुरू होण्याआधी, प्रेक्षक सॉसेज आणि बिअरचे पेले सांभाळत जागा शोधत असताना, तो बाजूच्या फाटकातून काठी टेकत आत आला. पन्नाशीही गाठली नव्हती. दोन्ही खुबे बदललेले, हे लेलंडनं ऐकलं होतं. हृदयाचंही काही होतं. एकेकाळी ज्या खांद्यांवर शर्टाच्या शिवणी उसवत, तिथून शर्ट आता हँगरवरून लोंबावा तसा लोंबत होता. लेलंडच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की याच्यापेक्षा मी तरुण दिसतो. आणि ते त्याला आवडलं. आवडलं हे लक्षात येताच तो उगीच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

“कसे आहात, कोच?” डॅरेल जवळ येऊन म्हणाला.

“ठीक. तू?”

“हा असा.” त्यानं काठी जराशी उचलून दाखवली. “मार्लिन, तुम्ही मात्र तशाच आहात.”

“बस ना इथं,” मार्लिन म्हणाली. लेलंड सरकला, पण गरजेपेक्षा जास्त सरकला.

फलंदाज उभा राहतो त्या होमप्लेटपाशी माइक लावला होता. टेसानं लेलंडला बोलावलं, एकचा आकडा असलेली नवी फळी त्याच्या हाती दिली, फोटो काढले. मग ती म्हणाली की डॅरेल बोहॅननला दोन शब्द बोलायचे आहेत. स्टँडमधली कुजबुज थांबली. तो माइकपर्यंत पोहोचेपर्यंत वेळ लागला, आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “सुईवाल्या, आज औषध आणलंस की घरी विसरलास?”

हशा पिकला. हसता हसता कित्येकांनी लेलंडकडे पाहिलं. शब्द त्याचा होता, म्हणून मानही त्याला. लेलंड फळीकडे पाहत राहिला.

“विसरलो,” डॅरेल माइकमध्ये म्हणाला. “आता जी औषधं आहेत ती डॉक्टर देतात, आणि त्यांच्यानं होमरन होत नाही.” थोडे लोक हसले, वेगळ्या तऱ्हेनं. “मला एवढंच सांगायचंय. ते चेंडू गेले. मी पाहिलेत, तुम्हीही पाहिलेत, कुणाला ते परत आणता येणार नाहीत. पण ते मी एकट्यानं मारले नव्हते. म्हणून भिंतीवर माझं एकट्याचं नाव राहू नये. तुम्ही काढलंत ते बरोबर केलंत.”

तो वळणार इतक्यात गावच्या रेडिओवरचा ग्लेन हॉब्स पुढं सरसावला. चांगला माणूस, पण प्रश्न तोंडात आला की गिळता येत नसे त्याला.

“डॅरेल, एक विचारू? संघात कुणालाच कसं कळलं नाही? कोच कोवाच तर रोज तुझ्याबरोबर असायचे.”

लेलंडच्या हातातली फळी एकदम जड झाली.

डॅरेलनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मैदानाच्या टोकाला, शिडी अजून उभी होती तिकडं पाहत तो म्हणाला, “नाही. कुणालाच माहीत नव्हतं. मी दाराला कडी लावून घ्यायचो.”

टाळ्या झाल्या, बेताच्याच, पण झाल्या. लेलंडनंही फळी काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

कडी. नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये, सरावानंतर, लेलंडनं कपडे बदलायच्या खोलीमागचं न्हाणीघर उघडलं होतं. डॅरेल भिंतीला एक हात टेकून उभा, पँट खाली, दुसऱ्या हातात सिरिंज. पोरगं भेदरून त्याच्याकडं पाहत होतं. चोवीस वर्षांचं. त्या क्षणी लेलंड एक शब्द बोलला असता तर ते तिथंच थांबलं असतं. त्या नजरेत तशी आशाच होती, असं लेलंडला पुढं कित्येकदा वाटलं. पण बाहेर स्टँड भरत होते. संघाचा मालक त्याच आठवड्यात त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, काय घडवलंस रे हे पोरगं! लेलंडनं दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेरून म्हणाला, “आत कडी आहे. लावत जा.”

त्यावर दोघं कधीच बोलले नाहीत. सप्टेंबरात सत्तेचाळिसावा चेंडू गेला, तेव्हा डॅरेल धावत येऊन सगळ्यांत आधी त्याच्याच गळ्यात पडला होता.

सामना सुरू झाला. मार्लिनला काही न सांगता लेलंड उठला आणि बाहेर गाड्यांच्या तळाकडे गेला. डॅरेल आपल्या उंच ट्रकपाशी उभा होता. काठी आत टाकून तो दार धरून वर चढू पाहत होता, आणि पाय उचलला जात नव्हता. लेलंडनं त्याच्या काखेत हात घातला, दुसरा हात कमरेला लावला आणि त्याला सीटवर ढकललं. अंग हलकं लागलं.

“थँक्स, कोच.”

“तू खोटं बोललास तिथं.”

डॅरेल श्वास जागेवर येईपर्यंत थांबला. “तुम्हाला इथं राहायचंय,” तो म्हणाला. “मी उद्या तिकडं लांब टल्साला माझ्या घरी असेन.”

“मी तुला काय काय म्हणत होतो, ते तुझ्या कानावर आलं असेल.”

“आलं. माझ्या आईनं सगळं ऐकलं. ती त्याच न्हाव्याच्या शेजारी भाजी घ्यायची.” हे तो रागानं म्हणाला नाही. राग असता तर बरं झालं असतं. “जा तुम्ही आत. तुमचा दिवस आहे.”

“डॅरेल, मी आत जाऊन सांगू शकतो. माइक अजून तिथंच आहे.”

डॅरेलनं किल्ली लावली आणि प्रथमच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जणू पुन्हा एकदा दाराशी कुणीतरी उभं होतं आणि कुणीतरी बोलायची वाट पाहत होतं.

“सांगू शकता,” तो म्हणाला, आणि दार ओढून घेतलं.

ट्रक रस्त्याला लागेपर्यंत लेलंड उभा राहिला. मग आत गेला. माइकचा खांब होमप्लेटजवळून काढून कुंपणाला टेकवून ठेवला होता, वायर अजून जोडलेली होती. तो त्याच्या बाजूनंच गेला. मार्लिन आता वर स्टँडमध्ये मैत्रिणींत जाऊन बसली होती, रांगेच्या पार आतल्या टोकाला, आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तो रांगेच्या तोंडाशी आला तसे लोक त्याला वाट द्यायला उठले. मागच्या रांगेला वाटलं, हे मानवंदनेसाठीच उठलेत. तीही उठली. कुणीतरी टाळी वाजवली. बघता बघता सगळा स्टँड उभा राहिला, मैदानावरची पोरंही खेळ थांबवून वळली.

मार्लिन ओठ घट्ट मिटून, डोळे पुसत टाळ्या वाजवत होती.

लेलंड रांगेच्या मध्यावर, परक्यांच्या गुडघ्यांत अडकून उभा होता. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. शेवटी त्यानं टोपी काढली आणि वर धरली.